खरा बॅज, खरा ड्रम आणि एक खोटं वाक्य

जुन्या ड्रमवर बोटभर लांबीचा एक पितळी पत्रा असतो. त्यावर कंपनीचं नाव, शहराचं नाव आणि कधीकधी एक क्रमांक. ड्रम वाजवणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नसतो, कारण आवाज कातड्यातून येतो, लाकडातून येतो, कड्यांच्या ताणातून येतो. पण हाच पत्रा निघून पडला की तोच ड्रम, तेच लाकूड, तोच आवाज बाजारात अचानक अनाथ होतो. आणि पत्रा परत बसवला की दुसरा प्रश्न येतो: हा इथलाच होता का?

वरवर हा प्रश्न हौशी मंडळींचा वाटेल. साठ वर्षांपूर्वीचे अमेरिकन ड्रम जमवणारे लोक, त्यांचे वाद, त्यांची बारीक बारीक दुखणी. पण नीट पाहिलं तर हा वाचनाचा प्रश्न आहे. वस्तूवर लिहिलेलं नाव आणि ती वस्तू यांचं नातं काय? नाव निसटलं तर ते परत लावायचा अधिकार कुणाला? साहित्याच्या वाचकाला हे प्रश्न अजिबात परके नाहीत.

आधी कारागिरी समजून घेऊ, कारण सगळा पेच तिथेच आहे. ड्रमचा लाकडी दंडगोल, म्हणजे शेल, हा पूर्ण बंद नसतो. त्याच्या बाजूला एक भोक असतं. काठी पडली की आतली हवा त्यातून बाहेर जाते. या भोकाच्या कडा झिजू नयेत म्हणून त्यात एक धातूची नळी बसवतात. तिला ग्रॉमेट म्हणतात. चौकातल्या फ्लेक्सच्या कोपऱ्यांना दोरी ओवायला जी कडी ठोकलेली असते, तिचीच ही थोरली बहीण. साठच्या दशकातल्या अनेक कंपन्यांनी एका दगडात दोन पक्षी मारले. बॅजला भोक पाडलं, तो हवेच्या भोकावर ठेवला, बाहेरून ग्रॉमेट घातलं आणि आतल्या बाजूने त्याची कड ठोकून उलटी वळवली. बॅजही बसला, भोकही झाकलं गेलं. ना स्क्रू, ना डिंक.

याचा अर्थ असा की हा सांधा एकदाच करायचा होता. ग्रॉमेट काढायचं तर आतली वळवलेली कड उचकटावी लागते किंवा घासून टाकावी लागते. वळवलेलं पितळ पुन्हा सरळ करून पुन्हा वळवायला गेलं की ते तडकतं. घाईत कुणी बाहेरून बॅजखाली स्क्रूड्रायव्हर घातला तर पातळ पत्रा कायमचा वाकतो. म्हणजे बॅज मोडतोड केल्याशिवाय निघत नाही, आणि निघाला की जसाच्या तसा परत बसत नाही. परत बसवणाऱ्याला नवं ग्रॉमेट लागतं, शेलच्या गोलाईला जुळणारी ऐरण लागते आणि हलका हात लागतो. नळी लांब झाली तर कड फाटते, आखूड झाली तर पकडत नाही. जोरात ठोकलं तर आतल्या लाकडाचा थर उडतो. सैल राहिलं तर प्रत्येक ठोक्याला बॅज माशीसारखा गुणगुणतो.

मग मुळात लोक तो काढतात कशाला? मुख्य कारण कपडे बदलणं. त्या काळातल्या बहुतेक ड्रमवर रंग नसायचा, मोत्यासारख्या किंवा शिंपल्यासारख्या चकाकीचं प्लास्टिकचं आवरण चिकटवलेलं असायचं. बॅज या आवरणाच्या वर बसलेला. फॅशन बदलली आणि अनेकांना आतलं लाकूड हवंसं वाटलं; त्यांनी आवरणं सोलून काढली. काहींनी नवी चढवली. दोन्ही वेळा बॅज काढावाच लागे. काही बॅज खोक्यात पडून राहिले, काही हरवले. काही मात्र सुटे विकले गेले आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

नावाची किंमत

लुडविग हे नाव घेऊ, कारण नाव आणि वस्तू यांची फारकत या कंपनीइतकी क्वचितच कुणी भोगली असेल. विल्यम लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी 1909 मध्ये शिकागोत कंपनी काढली. पुढे 1929 च्या सुमाराला ती कॉन या बड्या वाद्यकंपनीकडे गेली, आणि कंपनीबरोबर नावही गेलं. विल्यम लुडविगने 1937 मध्ये पुन्हा स्वतःचा कारखाना काढला तेव्हा त्याला स्वतःचंच आडनाव ड्रमवर लावता येईना. त्याने आपली आद्याक्षरं वापरली: डब्ल्यूएफएल. 1955 मध्ये त्याने आपलं नाव पैसे मोजून परत विकत घेतलं. त्या संधिकाळातले काही बॅज आहेत, ज्यांवर लुडविग आणि डब्ल्यूएफएल ही दोन्ही नावं एकत्र दिसतात. जमवणारे त्यांना संक्रमणकाळातले बॅज म्हणतात. मला ते बॅज या सगळ्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक वाटतात. गेलेलं नाव परत आलं आहे, आणि मधल्या काळात आपण कोण होतो हेही लपवलेलं नाही.

त्यानंतरचा प्रसिद्ध बॅज म्हणजे 'कीस्टोन'. दगडी कमानीच्या माथ्यावर मधोमध जो पाचरीसारखा दगड असतो, त्याचा आकार. 1963 च्या अखेरीपासून त्यावर क्रमांक यायला लागले. आणि लगेच, 9 फेब्रुवारी 1964 ला, एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स अमेरिकेला पहिल्यांदा थेट दिसले. सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी ते पाहिलं. रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रमच्या पुढच्या पडद्यावर बँडच्या नावाच्या वर ठळक अक्षरांत 'लुडविग' होतं. कंपनीला याहून मोठी जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती. मागणी अशी वाढली की शिकागोतला कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला.

या प्रसंगातला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. रिंगो त्या दौऱ्यावर आपला अख्खा संच घेऊन गेलाच नव्हता. त्याने नेला स्नेअर ड्रम, झांजा आणि तो नाव लिहिलेला पडदा. बाकीचा संच अमेरिकेत नवा मिळाला आणि पडदा त्याच्यावर चढवला गेला. म्हणजे जगाने जे पाहिलं त्यात नाव प्रवास करून आलं होतं, शरीर तिथलंच होतं. पुढे 2015 मध्ये तो पडदा आणि रिंगोचा 1963 चा पहिला लुडविग संच वेगवेगळ्या वेळी लिलावात निघाले. दोन्ही जिम अर्से या एकाच संग्राहकाने घेतले, आणि दोन्हींची किंमत प्रत्येकी 20 लाख डॉलरच्या पुढे गेली. रंगवलेली अक्षरं असलेला एक पडदा आणि एक पूर्ण ड्रमसंच यांची किंमत जवळपास सारखी. बाजार नावाला किती मानतो याचा याहून स्पष्ट हिशोब सापडणार नाही.

बॅज वाचताना

इतकी किंमत नावाला असेल तर बॅजकडे लोक पुरावा म्हणून पाहणार हे ओघानंच आलं. क्रमांक बघायचा, तक्त्यात शोधायचा, वर्ष ठरवायचं. पण इथे बॅज वाचकाला पहिला धडा शिकवतो. कारखान्यात बॅज एका पेटीत असायचे, कामगाराच्या हाताला जो येईल तो बसायचा. त्यामुळे मोठा क्रमांक म्हणजे नंतरचा ड्रम, असं सरळ गणित नाही. एकाच संचातल्या तीन ड्रमचे क्रमांक एकमेकांपासून लांब असू शकतात आणि तरी ते एकत्रच जन्मलेले असू शकतात.

म्हणून जाणकार फक्त बॅज वाचत नाहीत. ते ड्रम आतून पाहतात. रबरी शिक्क्याने मारलेली तारीख आहे का? आतला रंग कोणता? लुडविगने साठच्या दशकात आधी पांढरा रंग लावला, मग ठिपक्यांचा राखाडी थर, आणि दशकाच्या अखेरीला साधं पारदर्शक वॉर्निश. कड कशी कापली आहे? आधाराची लाकडी कडी आहेत का? लोखंडी सामानाचं जास्तीचं भोक कुठे पाडून नंतर बुजवलं आहे का? ग्रेट्श या ब्रुकलिनच्या कंपनीबाबतही हेच. तिचा 1971 पर्यंतचा गोल बॅज लोकांना इतका प्रिय आहे की त्या ड्रमना सरळ 'राउंड बॅज' असंच म्हणतात, आणि त्यानंतरच्या अष्टकोनी बॅजला चेष्टेने 'स्टॉप साइन'. पण खरी ओळख पटवायची तर आतला रुपेरी लेप पाहावा लागतो. एका युगाला बॅजचं नाव दिलं, तरी साक्ष लाकडाचीच.

ज्यांनी मराठी संतसाहित्याचा थोडाफार अभ्यास केला आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा असते. वाचक ती पाहतो आणि निश्चिंत होतो. पण नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नामाचे अभंग मिसळले आहेत, आणि नाममुद्रा दोघांची जवळजवळ सारखीच. संशोधकाला तेव्हा सहीकडे पाठ फिरवून आतलं लाकूड बघावं लागतं: भाषा कुठल्या काळाची, प्रत्यय कोणते, प्रसंग कोणता. नाममुद्रा खरी असते. अभंगही कुणीतरी मनापासून लिहिलेला असतो. चूक असते ती दोघांना जोडणाऱ्या सांध्यात.

जुन्या ड्रमच्या बाजारातली मुख्य फसवणूकही अशीच आहे. नकली बॅज तयार होतात, आणि ते वाईट असतात असंही नाही. बॅज हरवलेल्या ड्रमला कुणी उघडपणे नवा बॅज लावला तर बिघडत काही नाही. पण खरा घोटाळा खऱ्या बॅजचा असतो. मोडक्या ड्रमवरून काढलेला अस्सल 1964 चा बॅज, आणि कुठलाही बॅज नसलेलं 1969 चं अस्सल शेल. दोन्ही खरे. ग्रॉमेट ठोकून दोघं जोडले की एक वाक्य तयार होतं: हा ड्रम 1964 चा आहे. शब्द दोन्ही खरे, वाक्य खोटं. कुठल्याही प्रयोगशाळेत पितळ तपासा, लाकूड तपासा, दोन्ही कसोटीला उतरतील. खोटं फक्त त्या दोन मिलिमीटरच्या वळवलेल्या कडेत आहे.

फोनवर वाढलेल्या पिढीला यासाठी वेगळं उदाहरण शोधायची गरज नाही. ट्विटरची निळी खूण मुळात 'हा माणूस तोच आहे' एवढंच सांगायची. नोव्हेंबर 2022 मध्ये ती महिना 8 डॉलरला विकायला निघाली, आणि लगेच कुणीतरी एका औषध कंपनीच्या नावाचं खातं काढून, खूण लावून, इन्सुलिन फुकट मिळणार असं जाहीर केलं. खूण अस्सल होती, ट्विटरनेच दिलेली. खातंही खरोखरचं होतं. फक्त दोघांचं नातं तुटलेलं होतं. ड्रमवाल्यांना हा धडा कितीतरी आधी मिळाला होता: बॅज सुटा विकता यायला लागला की तो साक्षीदार राहत नाही, माल होतो.

परत लावायचा की नाही

यावर एक कडक उत्तर आहे. काही जमवणारे म्हणतात, निघालेला बॅज निघालेलाच राहू दे. ही भूमिका नवी नाही. जॉन रस्किनने 1849 मध्ये जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराबद्दल जवळपास हेच म्हटलं होतं. गेलेला काळ परत आणता येत नाही, आणि आणल्याचा देखावा करणं म्हणजे खोटेपणा. या मताला एक नैतिक झळाळी आहे, पण ते इमारतींसाठी होतं. ड्रम रोज वाजवायचा असतो. हवेच्या भोकाच्या कडा उघड्या पडल्या तर लाकूड झिजतं, थर सुटतात. काहीच न करणं हादेखील एक निर्णय आहे, आणि त्याची किंमत वाद्य मोजतं.

दुसरं टोक म्हणजे सगळं नव्यासारखं करणं. आवरण नवं, बॅज घासून चकचकीत, ग्रॉमेट नवं पण जुनं दिसेल असं डागाळलेलं. याचं कौशल्य मोठं असू शकतं, पण डागाळण्याला माझा आक्षेप आहे. नव्या पितळावर मुद्दाम म्हातारपण चढवणं म्हणजे दुरुस्तीला सही न करणं. ज्याला लपवायचं काही नाही त्याला वयाचा मेकअप कशाला लागतो?

या दोन टोकांच्या मधली वाट मला इटालियन विचारवंत चेझारे ब्रांदी यांच्याकडे दिसते. रोमच्या जीर्णोद्धार संस्थेचं काम पाहणाऱ्या ब्रांदींचं या विषयावरचं पुस्तक 1963 मध्ये आलं, म्हणजे कीस्टोन बॅजवर क्रमांक पडायला लागले त्याच वर्षी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भर घातलेला भाग लांबून खटकू नये, पण जवळ गेल्यावर सहज ओळखता आला पाहिजे. आणि आजच्या दुरुस्तीने उद्याच्या दुरुस्तीची वाट अडवता कामा नये.

हे तीन निकष बॅजला लावून पाहा. लांबून खटकू नये: म्हणजे बॅज सरळ हवा, मूळ भोकावर हवा, शेलच्या गोलाईला चिकटून हवा. जवळून ओळखता यावं: म्हणजे नवं ग्रॉमेट नवंच दिसू दे, आणि ते कधी बसवलं ते शेलच्या आत पेन्सिलने लिहून ठेव. उद्याची वाट अडवू नये: म्हणजे इपॉक्सी नको. इपॉक्सीने चिकटवलेला बॅज पुढच्या माणसाला पत्रा वाकवल्याशिवाय किंवा आवरण सोलल्याशिवाय काढता येत नाही. ग्रॉमेट निदान प्रामाणिकपणे तुटतं. आणि चिकटवताना हवेचं भोकच बुजवून टाकणारे लोक तर बॅज कशासाठी तिथे होता हेच विसरलेले असतात.

आपल्याकडे याच नीतीचं एक मोठं उदाहरण आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 ला, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढले. पण शेवटी आपण हे काम केलं हे वर्षासकट नोंदवलं, आणि पुढच्यांना बजावलं की यात स्वतःच्या ओव्या घालू नका. दुरुस्ती केली, सांगून केली, आणि मूळ नावावर हक्क सांगितला नाही. पेन्सिलने शेलच्या आत तारीख लिहिणारा कारागीर याच परंपरेतला, मग तो शिकागोत बसलेला का असेना.

'वाजवणाऱ्यांसाठी'

मला या बाजाराच्या भाषेत एक शब्दप्रयोग सगळ्यात जास्त बोचतो. ज्या ड्रमचं आवरण बदललं आहे, जास्तीचं भोक आहे, बॅज नंतर बसवला आहे, त्याला 'प्लेअर्स ग्रेड' म्हणतात. म्हणजे वाजवणाऱ्यांच्या दर्जाचा. हा खालचा दर्जा आहे. वरचा दर्जा ज्यांना कुणी फारसा हात लावला नाही त्यांचा. वाद्याच्या जगात 'वाजवण्याजोगं' हे विशेषण उतरत्या भावाचं व्हावं, यात काहीतरी उलटं झालं आहे. पुस्तकांच्या दुकानात 'वाचणाऱ्यांसाठी' नावाचा स्वस्त कप्पा असावा तसं.

हे हसण्यावारी नेता येईल, पण त्याचा परिणाम खरा आहे. न उघडलेला बॅज किमतीचा मुख्य आधार झाला की ज्याला ड्रम वाजवायचा आहे त्याच्या हातून तो निसटतो आणि काचेमागे जातो. आणि गंमत अशी की हे ड्रम मुळात कुणा एका गुरूच्या हातचे नव्हते. ते कारखान्यात हजारांनी निघाले, बॅज यंत्राने ठोकले गेले. वॉल्टर बेन्यामिनने यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात कलाकृतीचं तेज हरपतं असं म्हटलं होतं. इथे यंत्राने काढलेल्या वस्तूला तेज आलं आहे ते वापरातून: काठ्यांच्या ओरखड्यांतून, धुराने पिवळ्या पडलेल्या आवरणातून. जे तेज वाजवण्यातून आलं, ते जपायचं म्हणून वाजवणंच बंद करायचं, हे तर्कट मला पटत नाही.

जुना बॅज काढल्यावर त्याच्याखाली एक गोष्ट दिसते. आवरणाचा मूळ रंग. साठ वर्षांच्या उजेडाने बाहेरचा निळा मोती हिरवट झालेला असतो, पांढरा पिवळा झालेला असतो, पण बॅजच्या आकाराचा तेवढा तुकडा जन्मला तसाच असतो. नावाने आपल्याखालची जागा झाकून ठेवलेली असते. म्हणून बॅज त्याच ड्रमवर परत बसतो तेव्हा त्याची कड त्या सावलीशी तंतोतंत जुळते. दुसरीकडून आणलेला बॅज आकाराने सारखा असला तरी केसभर सरकतो, आणि त्या केसभर फटीतून मूळ रंग डोकावतो.

तेव्हा बॅज जरूर परत लावा. नव्या ग्रॉमेटने लावा, भोक मोकळं ठेवा, आत तारीख लिहा, आणि विकताना तोंडाने सांगा. भाव थोडा कमी येईल. पण ड्रम घेणारा तो वाजवण्यासाठी घेईल, आणि पुढे कधीतरी आत टॉर्च मारून बघणाऱ्याला दोन तारखा दिसतील: एक कारखान्याच्या शिक्क्याची, एक तुमच्या पेन्सिलीची. दोन्ही खऱ्या असतील, आणि त्यांनी मिळून केलेलं वाक्यही.